मशिनिस्ट ट्रेडची दोन वर्षं: पुण्यातल्या सरकारी आयटीआयबद्दल एका आईचा अभिप्राय

आधी गुण देऊन टाकते, मग कारणं सांगते. माझ्या धाकट्या मुलीनं दहावीनंतर पुण्यातल्या एका सरकारी आयटीआयमधून मशिनिस्ट ट्रेड, म्हणजे यंत्रांवर धातू कापून अचूक भाग बनवण्याचा अभ्यासक्रम, पूर्ण केला. एकूण पाचपैकी चार. शिकवण्याला पाच, यंत्रसामग्रीला साडेतीन, मुलींसाठीच्या सोयींना दोन. संस्थेचं नाव इथे लिहीत नाही, कारण आयटीआयमध्ये तुमच्या ट्रेडला निदेशक, म्हणजे शिकवणारे सर, कोण आहेत यावर जवळजवळ सगळं ठरतं, आणि निदेशकांच्या बदल्या होतात. एकाच आवारात एका शेडमध्ये, म्हणजे कार्यशाळेत, पोरं कामात बुडालेली दिसतील आणि शेजारच्या शेडला दुपारीच कुलूप असेल. तेव्हा कुठल्या पत्त्यावर जायचं हे या अभिप्रायात शोधू नका. गेल्यावर काय बघायचं ते सांगते.

मी भोसरी एमआयडीसीत एका छोट्या कारखान्यात हिशेब आणि डिस्पॅच सांभाळते. मोठ्या कंपन्यांचे यंत्रभाग बनवून द्यायचं जॉबवर्क येतं: बुश, फ्लँज, गिअर ब्लँक. चलन मी फाडते, पगारपत्रक मी करते, आणि गाडी भरेपर्यंत शॉप फ्लोअरवर माझ्या चकरा चालू असतात. कोण आलं नाही की माल अडकतो, हे मला हजेरीपट बघूनच कळतं. आमच्याकडे सरफेस ग्राइंडरवर, म्हणजे धातूचा पृष्ठभाग घासून अचूक मापाला आणणाऱ्या मशीनवर, एक मामा आहेत, जुने आयटीआयवाले. त्यांच्या घरी लग्नकार्य निघालं की साहेब ग्राहकांना आधीच फोन करून तारखा पुढे घेतात. डिझाईनचा इंजिनिअर रजेवर गेला तर ड्रॉइंग दुसऱ्या दिवशी बघता येतं. मामा नसले तर वीस मायक्रॉनच्या, म्हणजे मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाच्या, मापात बसणारा जॉब (यंत्रभाग) काढायचा कुणी?

माझा थोरला मुलगा दुसऱ्या वाटेनं गेला. बारावी सायन्स, मग बीएस्सी फिजिक्स, आणि आता सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात एमएस्सी. एकाच घरात दोन्ही वाटा रोज समोर दिसतात, म्हणून हे लिहायला बसले.

धाकटीला दहावीला साठ टक्क्यांच्या थोडं वर पडले. बीजगणितात ती कायम घाबरलेली. पण भौमितिक रचना आल्या की पेन्सिलीला टोक काढून तासभर एकटी बसायची, आणि वर्तुळाचा स्पर्शक केसभरही इकडचा तिकडे झालेला तिला चालायचा नाही. आम्ही आयटीआयचा विषय काढला तेव्हा माझे दीर म्हणाले, "वहिनी, पोरीला आयटीआयला घालणार? निदान बारावी तरी होऊ दे की."

ही 'निदान बारावी' पुण्यात महाग पडते. क्लास जोडलेलं कॉलेज, त्याचं वेगळं शुल्क, आणि दोन वर्षांनी पोरगं पुन्हा त्याच प्रश्नावर उभं. आम्ही एका खासगी करिअर मार्गदर्शन केंद्रातही गेलो होतो. काही हजार रुपये घेऊन तिची कलचाचणी केली आणि जाडजूड रंगीत अहवाल हातात दिला. यंत्रकामाचा कल चांगला, असं त्यात स्वच्छ लिहिलेलं होतं. पण सुचवलेल्या अभ्यासक्रमांत आयटीआय नव्हती आणि सरकारी पॉलिटेक्निकही नव्हतं. अहवालाबरोबर दोन खासगी महाविद्यालयांची माहितीपत्रकं मिळाली. त्या पैशात तिची दोन वर्षांची वह्या-पुस्तकं, ॲप्रन आणि सेफ्टी शूज झाले असते. मार्गदर्शन घ्यायचंच असेल तर ज्या कामात मूल जाऊ शकतं त्या कामातल्या माणसाकडून घ्या. आमच्या ग्राइंडरवाल्या मामांनी तिच्याशी चहाच्या सुट्टीत जेवढं बोलून घेतलं, तेवढंही त्या केंद्रात कुणी बोललं नाही.

दिरांच्या शंकेचं उत्तर मात्र नीट द्यायला हवं होतं, कारण ती शंका प्रत्येक घरात येते: एकदा आयटीआयला गेलं की पुढचे दरवाजे बंद. तसं नाही. दहावीनंतर दोन वर्षांचा ट्रेड झाला की पॉलिटेक्निकला थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मागता येतो, आणि डिप्लोमा झाला की इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला. 'डिप्लोमा करून डायरेक्ट सेकंड इयर' हे पुण्यात घराघरात माहीत आहे, पण त्याच्या आधीची पायरी आयटीआयचीही असू शकते हे फारसं कुणी बोलत नाही. भाषांचे पेपर दिले की बारावीची समकक्षताही मिळते. डिप्लोमा शिकवणाऱ्या संस्थाही पुण्यात जुन्या आहेत: गणेशखिंडीचं शासकीय तंत्रनिकेतन १९५७ पासून आहे, ताडीवाला रस्त्याजवळची कसरो वाडिया संस्था १९३८ पासून. आणि सीओईपीचं, म्हणजे पुण्याच्या जुन्या सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजचं, काय? १८५४ साली सरकारच्या बांधकाम खात्याला लागणारी हाताखालची माणसं तयार करायला पूना इंजिनिअरिंग क्लास अँड मेकॅनिकल स्कूल या नावानं ती संस्था सुरू झाली. आज ते तंत्रज्ञान विद्यापीठ आहे, २०२२ पासून. तिथला प्रवेश म्हणजे पुण्यातल्या घरांना केवढं अप्रूप! तिचा पाया हाताचं काम शिकवण्याचाच होता, हे मी दिरांना सांगितलं. त्यांचं पूर्ण समाधान झालं नाही, पण पोरीला पहिला व्हर्निअर कॅलिपर (बारीक मापं घ्यायचं साधन) त्यांनीच आणून दिला.

आता मुख्य गोष्ट, शिकवण्याची.

देशातली आयटीआयची योजना १९५० पासूनची, आणि तिचा भर आजही हातावर आहे. अभ्यासक्रमात वर्षाचे १,२०० तास धरलेत, त्यांतले ८४० प्रात्यक्षिकाचे. थोरल्याच्या बीएस्सीत आठवड्याला मोजकी प्रॅक्टिकल असायची, बाकी फळा आणि वही. इथे उलट. सुरुवातीला मशीन मिळत नाही. बेंच व्हाइसला, म्हणजे टेबलावरच्या शिकंज्याला, माइल्ड स्टीलचा तुकडा बांधायचा आणि कानस चालवायची. कानस पुढे जातानाच कापते, मागे घेताना दाब सोडायचा, हे ऐकायला सोपं. अंगवळणी पडायला बरेच दिवस जातात. पोरगी संध्याकाळी तळहात खोबरेल तेलात बुडवून बसायची. मग मार्किंग. लोखंडावर मोरचुदाचं पाणी फिरवलं की तांब्याचा पातळ थर धरतो आणि स्क्राइबरनं ओढलेली रेघ त्यावर पांढरी चकचकीत उठते. त्या रेघेच्या अर्ध्यापर्यंतच घासायचं, रेघ अर्धी दिसत राहिली पाहिजे. ती हे मला स्वयंपाकघरात दुधीच्या सालीवर सुरीनं रेघ मारून समजावत होती.

पालकांची बैठक होती त्या दिवशी मी शेडमध्ये बराच वेळ थांबले. मुलीच्या तुकडीचं मिलिंग, म्हणजे फिरत्या कटरनं धातू कापणं, चालू होतं. २४ सरळ दातांचा स्पर गिअर कापायचा होता. मिलिंग मशीनवर डिव्हायडिंग हेड नावाचं एक साधन बसवतात; त्याचं हँडल ४० वेळा फिरवलं की जॉब एक पूर्ण फेरा घेतो. मग २४ दात समान अंतरावर हवे असतील तर प्रत्येक दातामागे हँडल किती फिरवायचं? ४० भागिले २४, म्हणजे एक पूर्णांक दोन तृतीयांश फेरे. दोन तृतीयांश फेरा नजरेनं मोजता येत नाही, म्हणून हँडलमागे छिद्रांची गोल प्लेट असते. १८ छिद्रांचं वर्तुळ निवडायचं, एक पूर्ण फेरा मारायचा आणि वर १२ छिद्रं पुढे जाऊन पिन आत सोडायची. पिन बसल्याचा 'टक्' आवाज आला की कटर चालू. पुन्हा एक फेरा, पुन्हा १२ छिद्रं. एका ठिकाणी ११ मोजली गेली तर सगळा हिशेब शेवटच्या दातावर येऊन फुटतो: तो दात जाड तरी निघतो, नाहीतर बारीक.

माझी मुलगी ओठ हलवत छिद्रं मोजत होती. अपूर्णांकांना घाबरणारी हीच पोरगी. शेवटचा दात कापून झाल्यावर तिनं जॉब उतरवला, ब्रशनं धातूचा कीस झटकला आणि निदेशकांकडे नेला. सरांनी तो उजेडाकडे धरला, शेवटच्या दाताकडे बघितलं आणि काही न बोलता परत तिच्या हातात दिला. "मोज," एवढंच म्हणाले. बरोबर की चूक ते सांगितलं नाही. तिनं व्हर्निअर लावला, वहीत आकडा लिहिला, ड्रॉइंगशी ताडून बघितला, आणि मगच सरांकडे वर मान करून पाहिलं. शिकवण्याला पाचपैकी पाच दिले ते या सरांसाठी. नंतर मला म्हणाले, "ताई, मी सांगितलं तर ती माझ्यावर विश्वास ठेवेल. कंपनीत मी नसणार, मापच असणार."

आता त्रुटी, कारण त्या सांगितल्या नाहीत तर हा अभिप्राय खोटा होईल.

शेडमधल्या काही मशीन दुरुस्तीच्या प्रतीक्षेत उभ्या होत्या, आणि ती प्रतीक्षा लांबली. २० जणांच्या तुकडीला चालू मशीन कमी पडल्या की एक जण चालवतो आणि तिघं बघतात; बघणाऱ्यांचे तासही प्रात्यक्षिकात धरले जातात. सीएनसीवर, म्हणजे संगणकाच्या आज्ञांवर चालणाऱ्या मशीनवर, तर दुसऱ्या वर्षी पाळी लागायला फार वाट बघावी लागली. आज चाकणच्या कारखान्यांत सीएनसी आणि व्हीएमसी (सीएनसीचाच मिलिंगचा प्रकार) यांच्याशिवाय पान हलत नाही, तेव्हा ही कमतरता साधी नाही. एका सत्रात कच्चा माल उशिरा आला आणि पोरांनी जुन्याच जॉबवर पुन्हा पुन्हा हात फिरवला. थिअरीच्या एका विषयाला तासिका तत्त्वावरचे शिक्षक होते, ते मध्येच गेले आणि नवीन येईपर्यंत तो विषय मुलांनी मोबाईलवरच्या व्हिडिओंवर काढला.

मुलींच्या सोयींना दोनच गुण दिले. तुकडीत मुली मोजक्या, मान्य. पण शेडजवळच्या स्वच्छतागृहाची किल्ली कार्यालयात आणि कार्यालय आवाराच्या दुसऱ्या टोकाला, हे कुणाच्या डोक्यातून निघालं? आम्ही तीन-चार आयांनी मिळून लेखी अर्ज दिला, प्राचार्यांनी तो स्वीकारला आणि पुढे किल्ली मुलींकडेच राहू लागली. सेफ्टी शूज मुलींच्या मापाचे मिळेनात म्हणून आम्ही ते रविवार पेठेतून आणले. मुलींसाठी जागा राखीव ठेवतात, तर त्या जागेवर येणाऱ्या मुलीच्या पायाच्या मापाचा बूटही कुणीतरी मागवायला हवा.

थोरल्याच्या वाटेबद्दलही मनापासून लिहायचं आहे, कारण हा मजकूर वाचून कुणी पदवीला नावं ठेवलेली मला चालणार नाही. त्याला पुस्तकात रमायला आवडतं. विद्यापीठातल्या जयकर ग्रंथालयात तो सकाळी बसला की जेवायची आठवण मलाच फोन करून द्यावी लागते. त्याला एखादं समीकरण का खरं आहे हे हवं असतं, त्याचं काय करायचं हे नंतर. असं मूल आयटीआयच्या शेडमध्ये कोमेजेल. विद्यापीठानं त्याला जे दिलं, म्हणजे चांगले प्राध्यापक, परिसंवाद, देशभरातून आलेले मित्र, ते दुसरीकडे मिळालं नसतं. पण ही वाट लांब आहे. आधी पदवी, मग पदव्युत्तर, मग नेट-सेट किंवा पीएचडी. घराला तेवढी वर्षं त्याच्यामागे उभं राहावं लागतं. त्याच्याबरोबर बीएस्सी केलेल्यांपैकी ज्यांना विषय आवडत नव्हता, फक्त 'काहीतरी पदवी हवी' म्हणून जे आले होते, त्यांची तारांबळ मी जवळून बघितली. त्यांतला एक जण आमच्याकडे स्टोअरला कामाला लागला. गुणी मुलगा आहे. मायक्रोमीटर कसा वाचायचा ते त्याला माझ्या मुलीनं एका दुपारी शिकवलं, आणि तो म्हणाला, "काकू, हे मला तीन वर्षांत कुणी हातात दिलं नाही हो."

आयटीआयनंतरचा टप्पा शिकाऊ उमेदवारीचा (अप्रेंटिसशिपचा). त्याकडे प्रवेश घेतानाच लक्ष ठेवा. १९६१ चा शिकाऊ उमेदवारी कायदा आहे, आणि ज्या आस्थापनेत ३० किंवा जास्त माणसं आहेत तिला शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात, मनुष्यबळाच्या अडीच ते १५ टक्के. २०१९ च्या नियमांत शिक्षणानुसार किमान विद्यावेतन महिना ५,००० ते ९,००० रुपये ठरवलं होतं. अर्ज करताना त्या वेळचा चालू दर विचारून घ्या. पैशांपेक्षा मोठा प्रश्न कामाचा. मुलीला पहिलं बोलावणं एका कंपनीतून आलं ते पॅकिंग लाईनवर. वर्षभर खोकी चिकटवायची आणि शेवटी मशिनिस्टची परीक्षा द्यायची! आम्ही नको म्हटलं. नंतर चाकणच्या एका कंपनीच्या टूलरूममध्ये, म्हणजे साचे आणि हत्यारं बनवणाऱ्या विभागात, जागा मिळाली. तिथे ती सध्या ग्राइंडिंग आणि व्हीएमसी सेटिंग शिकतेय, सोबतीला डिप्लोमाधारक आणि इंजिनिअरही आहेत. मुलाखतीत थेट विचारा: कुठल्या विभागात, कुठल्या मशीनवर, शिकवणार कोण. उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरी कंपनी बघा. पुण्याभोवती भोसरी, चाकण, रांजणगाव, पिरंगुट एवढं पसरलंय की चांगलं काम येणाऱ्याला घाई करायचं कारण नाही.

पुढच्या वर्षी तिला मेकॅनिकल डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला अर्ज करायचा आहे. तिथे गणित जड जाणार हे तिला माहीत आहे. थोरला रविवारी तिला त्रिकोणमिती शिकवतो. ती त्याला साइन बार (कोन अचूक लावायची पट्टी) घेऊन कोन कसा लावतात ते दाखवते. साइन म्हणजे नेमकं काय हे आम्हा सगळ्यांना तेव्हा पहिल्यांदा डोळ्यांनी दिसलं. जेवणाच्या टेबलावर स्लिप गेजचे, म्हणजे नेमक्या मापाचे, ठोकळे रचून कोन मोजत बसलेली ही दोघं बघितली की मला फार बरं वाटतं.

ज्यांना यंदा ठरवायचं आहे त्यांच्यासाठी थोडं कामाचं. शेड चालू असताना जा, सुट्टीच्या दिवशी नको. मशीनच्या चिप ट्रेमध्ये ताजा कीस आहे का बघा. स्वच्छ पुसलेली, रंग दिलेली मशीन चालत नसेल तर तिचा उपयोग शून्य. तिथल्या मुलांना बाजूला घेऊन विचारा, या आठवड्यात तू स्वतः कुठल्या मशीनवर काम केलंस? खासगी आयटीआय असेल तर संलग्नता, म्हणजे सरकारी मान्यता, ट्रेडनिहाय असते हे लक्षात ठेवा: संस्थेचं नाव यादीत असलं तरी तुमचा ट्रेड त्यात आहे का, ते वेगळं तपासावं लागतं. जातीचा दाखला, नॉन-क्रीमी लेअर ही कागदपत्रं निकालाआधीच काढून ठेवा, सेतू केंद्रावर जूनमध्ये उभं राहायला जागा नसते.

आणि ऑनलाईन अर्जातले विकल्प भरताना क्रमाचा विचार घरी बसून करा. पहिल्या पसंतीची जागा लागली की ती घ्यावीच लागते, नाही घेतली तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून नाव जातं. आम्ही जवळच्या संस्थेपेक्षा ट्रेडला आधी मान दिला: वर मशिनिस्ट, मग टर्नर, मग ड्राफ्ट्समन मेकॅनिकल, आणि प्रत्येकात आधी स्वतः बघून आलेल्या संस्था. त्यासाठी तिला रोज दोन बस बदलाव्या लागल्या. कमी गुण असतील तरी खचू नका; नियमित फेऱ्या संपल्यावर उरलेल्या जागांसाठी समुपदेशन फेरी होते, तिची तारीख संस्थेत विचारून ठेवा.